एकेचाळीस गिटारी आणि आत्यांचा हात

घरात मी नवऱ्याला अहो-जाहो करते. सासूबाईंसमोर तसंच बोलायची आमच्याकडे रीत आहे. इथे मात्र मी त्याला सरळ विक्रम म्हणणार आणि अरे-तुरेच करणार, कारण माझं डोकं फिरलेलं आहे. सत्तर वर्षांची बाई स्वतःचं घर सोडून पोरीकडे जाऊन बसते, तेही एका गिटारीपायी, आणि घरातल्या कर्त्या माणसाला त्यात आपलं काही चुकलं असं वाटत नाही. मग सुनेनं काय करायचं? गोड बोलायचं? मला नाही जमत. मी मांजरी गावची आहे.

तर विक्रम. वय एकोणचाळीस, राहणार खराडी, मूळचाही खराडीचाच. हल्ली खराडीत मूळचा माणूस शोधावा लागतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. त्याच्या वडिलांची, गेनबांची, अकरा एकर जमीन होती. अर्धी ज्वारीची, अर्धी नदीकडची बागायती. त्यावर आता काचेच्या तीन इमारती आहेत आणि दुपारी चारला त्यांच्या काचांवरचं ऊन उलटं आमच्या स्वयंपाकघरात येतं. उरलेल्या तुकड्यावर आमची चार मजली बिल्डिंग. खालचे तीन मजले भाड्याने, वर आम्ही. कुणी विचारलं काय करता, तर विक्रम सांगतो, रिअल इस्टेट. म्हणजे पाच तारखेला भाडी आली का ते बघतो. तेही खरं तर मीच बघते.

हात रिकामे झाले की माणसं काहीतरी धरतात. आमच्या गल्लीत एकानं शर्यतीचे बैल पाळलेत, एक जण गळ्यात साखळदंडासारखी सोन्याची चेन घालून दूध आणायला जातो, एक दर वर्षी गाडी बदलतो. विक्रमनं गिटारी धरल्या.

सुरुवात दुसऱ्या मजल्यावरच्या दिग्विजयपासून झाली. अकोल्याचा मुलगा, इथे आयटीत होता. संध्याकाळी गच्चीवर बसून वाजवायचा. विक्रम त्याच्याजवळ जाऊन बसायला लागला, चार सूर शिकला, आणि दिग्विजय नोकरी बदलून बंगळुरूला निघाला तेव्हा त्याची गिटार यानं विकत घेतली. ठीक आहे. एक गिटार घरात असली तर कुणाचं काय जातं? पण दुसरी आली, कारण पहिलीचा आवाज जरा बसका होता. तिसरी आली, कारण ती बारा तारांची. चौथी निळी होती, एवढंच कारण. सातवी की आठवी आली तेव्हा कारण सांगणंही बंद झालं. नुसतं म्हणायचा, ‘अगं, मिळत नाही ही आता.’ नाही मिळत तर नाही मिळत, आपण काय उपाशी राहिलो होतो का?

खराडीतली आयटीची पोरं लॉकडाऊनमध्ये हौसेनं गिटारी घेऊन बसली होती. तीन महिन्यांत बोटं दुखली, गिटार कपाटावर. मग फोनवर जाहिरात येते, ‘फक्त चार वेळा वाजवलेली’. विक्रम लगेच गाडी काढतो. ‘नुसती बघून येतो’ म्हणतो. नुसती बघून तो आजपर्यंत एकदाही रिकाम्या हातानं परत आलेला नाही. आज आमच्याकडे एकेचाळीस आहेत. त्याला गाणी येतात साडेतीन. अर्धं यासाठी, की चौथ्याचं कडवं जमत नाही.

पण खोटं बोलणार नाही, तो त्यांना जपतो ते बघण्यासारखं असतं. प्रत्येकीच्या तारा थोड्या सैल करून ठेवतो, मान पुसायला वेगळं फडकं, अंग पुसायला वेगळं. कुठली कोणत्या लाकडाची, कुठे गाठ आहे, कुठे चरा आहे, डोळे मिटून सांगेल. पावसाळ्यात त्यांच्या खोलीत हवा कोरडी करायचं मशीन चोवीस तास चालतं. शेजारच्या खोलीत आमचे टॉवेल चार-चार दिवस वाळत नाहीत, कुबट वास मारतो, ते चालतं. तरी मी त्याच्या बाजूनं भांडलेली आहे. त्याच्या चुलत्यांनी एकदा जेवताना विचारलं, ‘वाजवता येत न्हाय तर एवढ्या कशाला?’ मी वाढता वाढता म्हटलं, ‘काकींच्या कपाटात दीडशे साड्या आहेत, रोज किती नेसतात?’ पुढची पोळी त्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

आता आत्या. आम्ही सासूला आत्या म्हणतो. नाव बायडाबाई. शाळा नाही, पण सात-बारा कुणाचा आणि बांध कुठवर, ते अजून तोंडपाठ. पहाटे उठतात आणि मग दिवसभर करायला काही नसतं, हा त्यांचा सगळ्यात मोठा आजार. गच्चीवर ड्रममध्ये मेथी, कोथिंबीर, चार वांगी लावलीत. त्याच्या भोवती खुरपं घेऊन तासन्‌तास बसतात. मेथीच्या एका ड्रमाला किती खुरपणार? पण उठत नाहीत.

त्यांच्या लेखी वर्षातला मोठा सण म्हणजे खंडेनवमी. शेत होतं तेव्हा दसऱ्याच्या आदल्या दिवशी नांगर, कुळव, पाभर, कोयते, खुरपी, सगळं विहिरीवर घासून धुवायचं, ओळीनं मांडायचं, हळदीची पाच बोटं उठवायची, झेंडूची माळ घालायची आणि पाया पडायचं. ज्यावर घर जेवतं त्याची पूजा. जमीन गेली, अवजारं गेली. नांगर तर नगर रोडवरच्या एका हॉटेलवाल्यानं भिंतीवर टांगायला नेला, आणि विक्रमनं तो हसत हसत दिला. तेव्हापासून आत्या गाड्यांची पूजा करत होत्या. पण गाडीसमोर हात जोडताना त्यांचा चेहरा मी बघितलाय. देवळात चुकीच्या देवापुढे उभं राहिल्यासारखा.

यंदा नवमीला विक्रम सकाळीच साताऱ्याला गेला होता. कशाला, ते सांगायला नकोच. मी खाली तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या नळाचं बघत होते. वर आले तर गच्चीचं दार उघडं. आत्यांनी खोलीतून एकेक करून पाच गिटारी उचलून आणल्या होत्या. पाचच, कारण पाट पाच होते. तांब्यानं पाणी घालून, हातानं चोळून, आपल्या जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यानं पुसल्या होत्या. पाटावर उभ्या करून भिंतीला टेकवलेल्या. प्रत्येकीवर हळदीची पाच बोटं, वर कुंकू, मानेला झेंडूची माळ. समोर नारळ. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘पोराच्या हातात रोज हेच असतंय. म्हटलं, मग ह्येच त्याचं अवजार.’

मला इथे एक कबूल करायचं आहे. लाकडाला पाणी चालत नाही एवढं मला या गिटारींच्या आठ वर्षांत कळलेलं होतं. पण आत्यांचा चेहरा त्या दिवशी असा काही उजळला होता, की मी एक शब्द बोलले नाही. पदर खोचला, अक्षता घेतल्या आणि मीही वाहिल्या. वर नमस्कार केला. म्हणजे चूक असेल तर दोघींची आहे.

दुपारी विक्रम आला. पाचातल्या चार साध्याच होत्या. पाचवी नेमकी त्याची सगळ्यात जुनी निघाली. कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडून घेतलेली, त्यांचे यजमान क्लबात वाजवायचे. साठ वर्षांची गिटार. तिच्या पोटावर पॉलिश झिजून उघडं पडलेलं लाकूड होतं, बरोबर तिथेच हळदीची बोटं उठलेली. खाली तारा बांधतात तो तुकडा एका बाजूनं उचकटलेला.

तो ओरडला. खालच्या मजल्यावरची नम्रता दार उघडून बाहेर आली, एवढ्या मोठ्यानं ओरडला. ‘अडाणी’ म्हणाला. ‘तुला काय कळतं यातलं’ म्हणाला. आणि मग म्हणाला, ‘पुन्हा माझ्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही.’ आत्या ताम्हन हातात घेऊन उभ्या. मी म्हटलं, ‘अहो, मीपण होते. मीपण पूजा केली.’ माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं. बायकोवर ओरडलं तर बायको उलटून बोलते. आई बोलत नाही. म्हणून तिच्यावर ओरडायचं. वा रे मर्द.

एवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं. माणूस रागात बोलतो. पण त्यानं त्या पाच गिटारींचा, माळांसकट, फोटो काढला. आणि फोनवर त्याचा जो गिटारवाल्यांचा ग्रुप आहे, हजारो माणसं आहेत म्हणे त्यात, तिथे टाकला. वर लिहिलं, ‘आईची कृपा.’ संध्याकाळपर्यंत सहाशे जणांनी त्याखाली लिहिलं होतं. एकानं लिहिलं, गिटारीला श्रद्धांजली. एकानं लिहिलं, प्रसादाला काय होतं. एक महाशय, ऑफिस आमच्याच समोरच्या काचेच्या इमारतीत, म्हणतात, गावाकडच्या लोकांच्या हाती अशा वस्तू देऊच नयेत. त्याला विक्रमनं हसरा चेहरा पाठवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावाकडचे? अरे बाबा, तू ज्या इमारतीत एसी लावून बसून हे लिहिलंस, ती त्या बाईच्या ज्वारीत उभी आहे. तुझ्या खुर्चीखाली तिनं तीस वर्षं खुरपणी केली आहे. आणि तू तिला शिकवणार कशाला हात लावायचा. त्या माणसाचं सोडा, तो परका. पण पोटच्या पोरानं आपल्या आईला सहाशे लोकांपुढे हसायला मांडावं? रुखवत मांडतात तसं?

तो फोटो फिरत फिरत वाघोलीला पोचला. तिथे भाग्यश्री, विक्रमची धाकटी बहीण, दिलेली आहे. तिच्या नवऱ्याच्या फोनवर आला. भाग्यश्रीनं रात्रीच आत्यांना फोन करून सगळं वाचून दाखवलं. तिनं दाखवायला नको होतं, पण तीही चिडलेली. आत्यांनी ऐकून घेतलं. दसऱ्याच्या दुपारी सोनं वाटून झाल्यावर पिशवी भरली आणि मला म्हणाल्या, ‘तनुजा, चार दिस पोरीकडं जाऊन येते.’ मेथीला पाणी घालायचं सांगितलं. पिशवीत औषधं सगळी घेतली होती. चार दिवसांची नाही, महिन्याची. तेव्हाच मला कळलं.

तिसऱ्या दिवशी विक्रमनं काय करावं? वाघोलीला जावं? छे. त्यानं गिटारीच्या खोलीला अंगठ्याचं कुलूप बसवून घेतलं. अंगठा टेकवला की हिरवा दिवा लागतो आणि दार उघडतं. मला म्हणाला, ‘तुझाही अंगठा देऊन ठेव.’ मी म्हटलं, ‘माझा हातही लागलेला आहे त्यांना. अक्षता वाहिल्यात मी.’ नाही दिला.

मग गिटार दुरुस्तीला. रविवार पेठेत श्रीनिवासकाका म्हणून आहेत, तंबोरे-सतारी दुरुस्त करतात, गिटारीही करतात. मी मुद्दाम बरोबर गेले. काकांनी चष्मा कपाळावर नेऊन गिटार उलटीसुलटी पाहिली. म्हणाले, ‘जुन्या काळी सरस लावत, हाडांचा गोंद. तो पाण्यानं सुटतो. चिकटवून देतो, आठ दिवस लागतील.’

विक्रम म्हणाला, ‘आणि ही हळद?’

‘ती लाकडात गेली. निघायची नाही.’

‘घासून?’

‘घासा की. लाकूडपण जाईल तेवढं.’

‘हिची किंमत निम्मी झाली, काका.’

‘विकायची आहे?’

‘नाही.’

‘मग कुठली किंमत?’ काकांनी पावती फाडली. ‘पूजा कुणी केली?’

‘आईनं. अडाणी आहे हो.’

‘दसऱ्याला आमच्याकडेही तंबोऱ्याची पूजा होते. आम्ही पाणी घालत नाही, एवढाच काय तो फरक. आठ दिवसांनी या. फोन करू नका.’

मला त्या काकांच्या पाया पडावंसं वाटलं. विक्रमला काही वाटलं असेल तर तोंडावर दिसलं नाही. गाडीत बसल्यावर तो म्हातारा उद्धट आहे म्हणाला.

कोजागिरी झाली. वसुबारस आली. आत्या नाहीत. माझ्या लग्नाच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा फराळाची पहिली करंजी माझ्या एकटीच्या हातानं तेलात पडली. शेजारणी विचारतात, ‘बायडाबाई दिसत न्हाईत?’ काय सांगणार? लेकीकडे गेल्यात, दिवाळीला? सासुरवाशिणी माहेरी जातात दिवाळीत, सासवा नाही जात. सगळ्यांना सगळं माहीत होतं, तरी विचारत होत्या. मी विक्रमला दोन वेळा सरळ म्हटलं, ‘अहो, एक शब्द बोला त्यांच्याशी. चुकलो म्हणा.’ तो म्हणतो, ‘मी कुठे तिला जा म्हटलं?’ बरोबर. तू नाही म्हटलंस. तू फक्त दाराला कुलूप बसवलंस.

भाऊबीज मात्र टळत नाही. भाऊ बहिणीकडे जातोच. मी तयार होऊन आधीच गाडीत बसले. वाघोलीला भाग्यश्रीनं पाट मांडला, ओवाळलं. विक्रमनं ताटात पाकीट ठेवायला हात पुढे केला तर तिनं ताट मागे घेतलं. ‘यंदा मला ताटात काही नको, दादा. आईला काय म्हणायचंय ते म्हण.’

आत्या दाराशी बसून लसूण सोलत होत्या. विक्रम उठला, त्यांच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. आम्ही दोघी मागेच उभ्या. आणि हा काय म्हणाला असेल? म्हणाला, ‘गिटार नीट झाली, आई.’

ताट माझ्या हातात असतं तर मी त्याच्या डोक्यात घातलं असतं.

आत्यांनी विचारलं, ‘वाजती का?’

‘वाजते.’

‘मग झालं तर.’ आणखी दोन पाकळ्या सोलल्या. ‘मला लई घोर लागला व्हता तिचा.’

‘घरी चल.’

‘मी हितंच बरी. तुझ्या महागाच्या वस्तू. माझा हात कुटंबी लागतोय. सवय हाय त्याला.’

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. तेच वाईट होतं. रागानं बोलल्या असत्या तर भांडून मिटवता आलं असतं. विक्रमनं खाली पडलेली लसणाची टरफलं मुठीत गोळा केली. मग त्यांच्याच भाषेत म्हणाला, जी तो एरवी लोकांसमोर बोलत नाही, ‘कुलपात तुझाबी अंगठा घेतो की.’

आत्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याला ‘चुकलो’ म्हणता येत नाही हे त्यांना माझ्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. हात झटकून उठल्या आणि पिशवी भरायला आत गेल्या. भाग्यश्री माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, म्हणजे घे बाई, सध्या एवढंच.

घरी आल्या आल्या विक्रम त्यांना त्या दाराशी घेऊन गेला. फोनवर काहीतरी केलं, कुलपाचा दिवा लुकलुकायला लागला. ‘टेकव अंगठा.’ आत्यांनी टेकवला. लाल दिवा. ‘जरा जोरानं.’ लाल. डावा अंगठा. लाल. विक्रमनं त्यांची बोटं आपल्या रुमालानं पुसली, एकेक करून टेकवली. दहाच्या दहा बोटं झाली. कुलूप दर वेळी तोच किरकिरा आवाज करायचं. त्यानं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘सर, आजींनी हाताची कामं केली आहेत का? रेषा झिजलेल्या असतील तर मशीन ओळखत नाही.’

आत्या म्हणाल्या, ‘रेशनच्या दुकानात बी असंच व्हतं रं. राहू दे.’ आणि हात पदराखाली घ्यायला लागल्या.

विक्रमनं तो हात सोडला नाही. उजेडाकडे वळवून बघत राहिला. एकेचाळीस गिटारींवरचा एकेक चरा पाठ असलेला माणूस. आईची बोटं इतकी गुळगुळीत झालीत हे त्याला एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं. मला तेव्हाही त्याचा राग आला. रडू येत होतं तरी राग आला.

मग त्यानं पेचकस आणला आणि कुलूप काढलं. मी सांगितलं नव्हतं. अर्धा तास लागला, दाराचा रंगही उडाला. आतला दिवा लावला. ती जुनी गिटार समोरच टांगलेली होती, पोटावर पिवळी पाच बोटं. ‘ये आई,’ तो म्हणाला, ‘बघ.’

आत्या दोन पावलं पुढे आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोराच्या खोलीच्या दारात. दोन्ही तळवे समोर धरून त्यांनी विचारलं, ‘हात धुऊन येऊ का रं?’

मीच म्हटलं, ‘नको आत्या. तशाच या.’